ठोकळ्याचं उत्तर

त्या संध्याकाळी बाबांनी चहात साखर दोनदा घातली, आणि तरीही चहा बिघडलेला नाही असं ते कप रिकामा होईपर्यंत म्हणत राहिले. "एकदा घातली की दोनदा, हे मला काय विचारतेस? चहाला विचार." ती ओट्याशी उभी राहून आपला चहा सिंकमध्ये ओतत होती आणि हसत होती. नंतर तिला वाटत राहिलं, की त्या संध्याकाळी काहीतरी वेगळं असायला हवं होतं, निदान एखादी पाल तरी चुकचुकायला हवी होती. पण तसं काही नव्हतं. बाबांनी दुकानातून आल्यावर खिशातला तो बोटभर स्क्रूड्रायव्हर नेहमीसारखा फ्रीजवर ठेवला होता, चपला नेहमीसारख्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून आलेला माणूस बघतो तसे ते तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते. "तुझा नंबर वाढलाय," ते म्हणाले. "कपाळाला आठ्या घालून बघतेस." "चहाच तसा केलाय तुम्ही." "चहाला नाही, मला बघताना घालतेस." चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने पिशवीतून एक खोकं काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

खोकं वाचनालयाचं होतं. ती सार्वजनिक वाचनालयात नव्या पुस्तकांची नोंद करायची, कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात जाईल हे ठरवायची. अलीकडे पुस्तकांबरोबर डिस्कही येऊ लागल्या होत्या. खोक्यावर एक बुटकं, फुगीर पोटाचं अंतराळयान होतं. बाबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि एकदम ओरडले, "पाणकोंबडी!" त्या जुन्या टीव्ही मालिकेत यानाला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण ते या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. यानाची प्रमुख ती कप्तानबाई. आणि यानावरचा यंत्र-डॉक्टर, ज्याचं डोकं चौकोनी होतं आणि कपाळावर एकच हिरवा दिवा होता, तो ठोकळा. ही सगळी नावं आईने ठेवलेली. "अख्खी आहे?" बाबांनी विचारलं. "अख्खी. राहिलेल्या भागासकट." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला, जे ते दुकानात कुठल्याही गिऱ्हाइकाला करू देत नसत.

ती लहान असताना ही मालिका आठवड्यातून एकदा लागायची, आणि घरात तिचा एक रिवाज होता. दर भागात यानावर काहीतरी पेच यायचा. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मरू द्यायचं. मेलेल्याची आठवण यंत्रात भरून ठेवायची की पुसून टाकायची. एखाद्या ग्रहावरचे लोक ज्याला देव म्हणतात तो नुसता तापलेला दगड आहे, हे त्यांना सांगायचं की नाही. आणि कप्तानबाई निर्णय घेणार तेवढ्यात जाहिराती लागायच्या. त्याच क्षणी बाबा उठायचे, टीव्हीचं बटण पिळून आवाज बंद करायचे आणि दोघींकडे वळायचे. "हं. बोला. तुम्ही काय केलं असतं?" सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत आवाज परत मिळायचा नाही. जाहिराती संपल्या तरी नाही. "मी आधी हात जोडले असते, मग काय ते बघितलं असतं," आई म्हणायची. "मी आधी नाडी बघितली असती," बाबा. "तोवर मेला असता तो." "आणि तू हात जोडेपर्यंत?" "माझ्या वेळी निदान एकटा मेला नसता." एकदा आईने इतका विचार केला, की कप्तानबाईचे ओठ हलताना दिसले, एक दार उघडताना दिसलं, शेवटची नावंसुद्धा वर सरकायला लागली, आणि निर्णय काय झाला ते घरात कुणालाच कळलं नाही. बाबा त्यावर आठवडाभर कुरकुरत होते, पण नियम काही त्यांनी बदलला नाही. तो त्यांच्या धंद्याचाच नियम होता. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट ठेवून ते एकामागून एक काचा सरकवायचे आणि विचारायचे, "हे बरं की ते बरं?" लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरायचे. "यात चूक नसते हो," ते सांगायचे. "दिसतं ते सांगायचं. मात्र सांगायचं. गप्प बसलात तर मी चष्मा कशाचा करू?"

मग तो एक भाग राहिला, कारण त्या आठवड्यात आई गेली. आजारपण छोटं होतं, म्हणजे मोठी माणसं तसं म्हणत होती. तिला त्यातलं आठवत होतं ते एवढंच, की दारात परक्या चपलांचा ढीग होता आणि त्यात आपल्या चपला सापडेनात म्हणून ती रडत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं ती आईसाठी रडतेय. आईसाठी ती नंतर रडली. "आई कुठे गेली?" असं तिने विचारलं तेव्हा बाबा टेबलापाशी कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते. त्यांनी ती खाली ठेवली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. एवढंच. शेजारी बसलेले काका, बाबांचे धाकटे भाऊ, भडकले. "दादा, लेकराला असं सांगतात का? अगं, आई वर आहे. तुझं सगळं ऐकते ती." बाबांनी भावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ते खोडून काढलं नाही. तिने दोन्ही उत्तरं डोळ्यांसमोर धरून पाहिली. तिला काकांचं बरं दिसलं. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून आईशी बोलायला लागली. शाळेतल्या बाई काय म्हणाल्या, पेन्सिल कुणी पळवली, बाबांनी आज पुन्हा भाजी कशी करपवली. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असायचा, आणि ती बोलायला लागली की त्याचा आवाज विरत जायचा. एकदम नाही. कुणीतरी पावलं न वाजवता आत यावं, तसं घर शांत होत जायचं. त्याचा अर्थ तिला ताबडतोब कळला होता. आई आली की घर गप्प होतं. पुढे तिने या विषयावरची पुस्तकं ढिगाने वाचली, मोठमोठ्या विद्वानांचे पुरावे वाचले, आणि एकही तिला त्या शांततेइतका भक्कम वाटला नाही.

तर इतक्या वर्षांनी, जास्त साखरेच्या चहाबरोबर, राहिलेला भाग लागला. पाणकोंबडीपासून तुटलेल्या एका होडीएवढ्या यानात दोघेच अडकलेले असतात: परक्या ग्रहावरचा एक म्हातारा नावाडी आणि ठोकळा. म्हातारा मरायला टेकलेला. त्याच्या लोकांची श्रद्धा अशी, की मरताना माणूस विचारतो, दारात कोणी आहे का? आणि उशाशी बसलेल्याने सांगायचं असतं, आहेत, तुझी सगळी माणसं उभी आहेत. ते ऐकल्यावाचून जीव सुटत नाही. तो दाराशीच अडकून राहतो, कायमचा. आणि ठोकळ्याची रचनाच अशी, की जे त्याला माहीत नाही ते त्याला बोलता येत नाही. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या हे आता स्पष्ट दिसत होतं, म्हाताऱ्याची दाढी एका बाजूने सुटत आली होती, आणि तरीही तिच्या हातावर काटा आला. म्हाताऱ्याने कष्टाने मान वळवली. "दारात कोणी आहे का?" ठोकळ्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"थांबव," बाबा म्हणाले.

तिने रिमोट दाबला. दिवा अर्धवट पेटलेला राहिला.

"हं. बोला."

"आधी तुम्ही."

"दुकानदार शेवटी बोलतो. गिऱ्हाइकाने आधी."

"पण ठोकळ्याला खोटं बोलताच येत नाही ना?"

"त्याचं कपाळ त्याच्यापाशी. त्याच्या जागी तू असतीस तर?"

एरवी वाचनालयात कुणी हाच प्रश्न घेऊन आलं असतं, तर तिने त्याला तीन कपाटं दाखवली असती. पण बाबा तिच्याकडे बघत होते, गिऱ्हाइकाकडे बघतात तसे, अजिबात घाई न करता. "उद्या सांगते," ती म्हणाली. "विचार करून."

"आईची लेक," असं म्हणून बाबा उठले. "तिच्या विचारापायी एक भाग बुडाला, आता तुझ्यापायी हा बुडायचा. चल, जेवायला वाढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाशेजारच्या किल्लीवाल्याचा फोन आला. "अगं, तुझे बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेत," तो म्हणाला. मग काय झालं, असं ती विचारणार होती, आणि तेवढ्यात तिला आठवलं. त्या खुर्चीत बाबा कधीच बसत नसत. हॉस्पिटलात ती पोचली तेव्हा ते शुद्धीवर होते. हृदयाची मोठी नस, ताबडतोब उघडावी लागेल, असं डॉक्टर चालता चालता सांगत होते आणि ती मान हलवत त्यांच्यामागे चालत होती. नर्सने बाबांचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा तिने फार थोड्या वेळा पाहिला होता. नाकावर दोन लाल खुणा, आणि डोळे कुणीतरी दुसऱ्याचे, वयाने लहान.

"तू आहेस ना?" ते भिंतीकडे बघून म्हणाले.

"मी आहे. इकडे."

"मग सांग."

"काय?"

"उद्या म्हणाली होतीस ना? झाला उद्या. ठोकळा काय म्हणाला असेल?"

"आजोबा, आता बोलायचं नाही हं," नर्स म्हणाली.

"मी कुठे बोलतोय? ती बोलणारे. मी ऐकतोय."

तिने तोंड उघडलं. लिफ्ट आली. स्ट्रेचर ढकलताना त्याचं एक चाक उंबरठ्याच्या फटीत अडकलं, तेवढा वेळ होता, तेवढ्या वेळात काहीही सांगता आलं असतं. "आल्यावर सांगते, बाबा," ती म्हणाली. "बरं," असं ते म्हणाले, चष्मा उद्या नेतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. दार बंद झालं. ते परत आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते आणि तिने सगळं नीट केलं. दिवसकार्य संपून माणसं पांगली, तेव्हा तो प्रश्न तेवढा घरात राहिला. ते नुसती थट्टा करत होते? की चष्म्याशिवाय त्या पांढऱ्या भिंतीकडे बघताना, जन्मभर माहीत नाही म्हणत आलेल्या माणसाला खरोखरच विचारायचं होतं? ती भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, कपाटांमधून चालताना एक काच सरकवायची, मग दुसरी. हे बरं की ते बरं? दोन्हींतून अंधुकच दिसायचं. थट्टा असेल, तर एक उत्तर राहून गेलं, एवढंच. पण थट्टा नसेल, तर बाबा दारात थांबून विचारत होते आणि तिने त्यांना थांबायला सांगितलं होतं. वाचनालयातल्या सहकारी मैत्रिणीने खोक्याबद्दल विचारलं. "त्या यानाच्या डिस्कचं काय करायचं गं? करमणुकीत टाकू की धर्माच्या कपाटात? मागचं लिहिलेलं वाचून मला काही कळेना." "एक डिस्क अजून घरी आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "थांब जरा."

मग एका दुपारी काका आले. ते बाबांच्या खुर्चीत बसले, पण कडेला, जणू मालक येऊन उठवेल. ती स्वयंपाकघरात बादली भरायला लावून आली होती. नळ वाजत होता. काकांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"शेवटी तू होतीस ना त्याच्याजवळ?"

"होते."

"काही म्हणाला का गं? म्हणजे देवाचं नाव वगैरे?" ते पेल्यात बघत होते. "मी त्याला जन्मभर चिडवलं. म्हटलं, दादा, वर गेलास की तुला दारातच उभा करतील, आत घ्यायचे नाहीत. तर म्हणायचा, चालेल, दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नंबर काढीन. हसायचो आम्ही. आता डोळा लागत नाही माझा. वाटतं, खरंच उभा असेल."

तिला माहीत नव्हतं. जे तिला माहीत होतं ते एवढंच, की समोर एक म्हातारा माणूस बसला आहे आणि त्याचा भाऊ दाराशी अडकला आहे. हो, नाव घेतलं, असं सांगणं किती सोपं होतं; आणि बाबांच्या घरात, बाबांच्या खुर्चीसमोर ते शब्द तिच्या तोंडून निघणारच नव्हते. कपाळात काहीतरी लुकलुकत राहिलं.

"ते विचारत होते, काका," ती म्हणाली.

"काय विचारत होता?"

"मरणाऱ्याने विचारलं, दारात कोणी आहे का, तर जवळच्याने काय सांगावं."

काकांनी मान वर केली. "दादाने विचारलं? स्वतः?"

"विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"लिफ्ट आली, काका."

काकांनी हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "वहिनी असेलच गं," ते म्हणाले. "ती काय त्याला ताटकळत ठेवणारे? विचारलंन ना त्याने? मग झालं." आणि ते खुर्चीच्या हाताकडे वळून, तिथे कुणाचा तरी हात असल्यासारखे, हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, ऐक रे." पुढचं त्यांना नळाच्या आवाजात बोलता येईना. ते थांबले, पुन्हा "दादा" म्हणाले, पुन्हा थांबले. ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि नळ हळूहळू, पिळल्याचा आवाजही होऊ न देता, बंद केला. पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. बाहेर काका बोलायला लागले. ती नळावर बोटं ठेवून, श्वास रोखून उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की हे आपल्या बोटांना येतं. हे आपण पाहिलेलं आहे.

लहानपणी पाहिलं होतं ते याच खिडकीत. हिवाळ्यातली संध्याकाळ, लवकर अंधारलेलं, बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि काचेत आतलं सगळं दिसत होतं: दिवा, दार, दारापलीकडची खोली. तोवर ती थोडी मोठी झाली होती. ती आईला वर्गातल्या कसल्याशा भांडणाबद्दल सांगत होती, आणि काचेत बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. त्यांनी हात लांब केला होता आणि दोन बोटांनी टीव्हीचं बटण पिळत होते, चष्म्याचा स्क्रू पिळतात तितक्या नाजूकपणे, जरा जरा करत. बटणाची टकटक होऊ नये म्हणून त्यांनी दात ओठांवर दाबून धरले होते. मग ते तसेच सावकाश मागे टेकले आणि आवाज नसलेल्या टीव्हीकडे बघत बसले. पडद्यावर कप्तानबाईचे ओठ हलत होते. म्हणजे इतके दिवस, रोज, त्यांनी नुसते ओठच पाहिले होते. तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्या क्षणी आई पुन्हा एकदा गेली, आणि या खेपेला खरी गेली. पण फसवल्यासारखं तिला वाटलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. जे माहीत नाही ते न बोलणारा माणूस काहीच बोलला नव्हता. त्याने फक्त जागा करून दिली होती. तिने काचेवरून डोळे न हलवता वाक्य पुरं केलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी. हे तिने बाबांना कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? आभार हा शब्द त्यांच्या घरात दुकानाच्या कागदी पिशवीवर छापलेला होता, आणि तो गिऱ्हाइकांसाठी होता.

काका गेले तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते, पण दारात एकमेकींवर चढलेल्या बाबांच्या जुन्या चपला त्यांनी सरळ करून ठेवल्या आणि म्हणाले, "हा कधी सुधारला नाही." ती हसली. ऊन उतरलं होतं. बाबांच्या खिशातून हॉस्पिटलाने परत दिलेला बोटभर स्क्रूड्रायव्हर तिने फ्रीजवरून उचलला, पर्समधून बाबांचा चष्मा काढला आणि त्याची ढिली झालेली काडी घट्ट केली; तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड होतं. चष्मा पुसून, खुर्चीसमोरच्या टेबलावर, काड्या उघडून ठेवला. टीव्ही लावला. थांबवलं होतं तिथून पुढे सुरू करायचं का, असं टीव्हीने विचारलं. तिने हो म्हटलं आणि लगेच थांबवलं. म्हातारा तसाच मान वळवून वाट बघत होता, आणि ठोकळ्याचा दिवा अर्धा पेटलेला होता. तिला आता घाई नव्हती. कप्तानबाईने या भागात येऊन काय केलं असेल, हेही तिला जाणून घ्यायचं होतं, पण नियम तो नियम. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. तिने उठून खिडकी लोटून घेतली. काचेत खोली आली, दिवा आला, रिकामी खुर्ची आली. कुणी ऐकत असेल असं तिला वाटत नव्हतं. ती बोलायला लागली.

"सांगते, बाबा. ठोकळ्याने म्हणावं, मला दार दिसत नाही. पण तू हाका मार तुझ्या माणसांना, मी गप्प बसतो." ती थांबली. खिडकीच्या काचेकडे पाहिलं. "आणि बाबा, मला काचेत दिसायचं. तुमचा हात. बटणावरचा. आई ऐकत नाही हे मला त्या हिवाळ्यातच कळलं होतं. तुम्ही ऐकत होतात ना, म्हणून मी बोलत राहिले."